ठोशांचे बोल

१८५१ साली लंडनमध्ये आडोल्फ आंडरसन आणि लिओनेल कीझेरिट्स्की यांच्यात बुद्धिबळाचा एक डाव झाला. आंडरसननं एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि मात केली. आज डोंबिवलीतली एखादी शाळकरी मुलगी हा डाव पुस्तकातून वाचत पटावर जसाच्या तसा मांडू शकते. त्यातली एकही खेळी हरवलेली नाही. पटावरच्या प्रत्येक घराला नाव आहे, म्हणून प्रत्येक खेळी लिहिता येते. घरांना अक्षर आणि अंक देण्याची पद्धत फिलिप स्टामा यानं १७३७ मध्येच छापली होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धालाही प्रचंड प्रेक्षक होता. पिअर्स एगन या पत्रकारानं १८१२ पासून 'बॉक्सियाना' या नावानं लढतींची वर्णनं छापायला सुरुवात केली. फेरीगणिक काय घडलं, कोण पडला, पैजेचा भाव कसा फिरला, हे सगळं त्यात सापडतं. सापडत नाही ती लढत. कोणता हात आधी गेला, पाऊल कुठे होतं, दोन ठोशांमध्ये किती वेळ गेला, यातलं काहीच त्या पानांवरून उभं करता येत नाही. एगनचा हात लिहिता होता, पण त्याच्यापाशी लिपी नव्हती.

आजही ती नाही. मुष्टियुद्ध १९०४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आलं, त्याचे नियम लिहिलेले आहेत, वजनगट किलोपर्यंत ठरलेले आहेत. तरी या खेळातली खरी विद्या, म्हणजे हालचालींची साखळी, प्रशिक्षकाच्या तोंडून शिष्याच्या कानात जाते आणि तिथेच राहते. प्रशिक्षक गेला, गाव बदललं किंवा क्लास बंद पडला की ती साखळी तुटते.

ठाण्यातल्या किंवा कल्याणातल्या कुठल्याही बॉक्सिंग क्लासात संध्याकाळी उभं राहावं. प्रशिक्षकाच्या दोन्ही हातांत पॅड असतात, समोर हाताला पट्ट्या गुंडाळून ग्लोव्हज घातलेला मुलगा किंवा मुलगी. "वन! वन-टू! गार्ड वर! वन-टू-थ्री! स्लिप... टू!" पॅडवर ठोसा बसल्याचा आवाज आणि सरांची हाक यांची एक लय लागते. तीन मिनिटांत अशा पन्नास-साठ हाका सहज होतात. त्यांचा क्रम आंधळा नसतो. आज या मुलीचा डावा हुक सैल पडतोय, म्हणून सरांनी तिसरा आकडा मुद्दाम वारंवार घेतलेला असतो. मागच्या स्पर्धेत ती ठोसा मारून जागेवरच थांबत होती, म्हणून प्रत्येक साखळीच्या शेवटी बाजूला सरकणं लावलेलं असतं. हा त्या दिवसाचा धडा झाला. घंटा वाजते, मुलगी पाणी पिते आणि धडा हवेत विरतो. पुढच्या आठवड्यात सर तो आठवणीतून पुन्हा घडवतात, आणि आठवण दर वेळी थोडी वेगळी असते.

या हाकांतले आकडे हीच या खेळातली लिपीच्या सर्वांत जवळची गोष्ट. बहुतेक ठिकाणी १ म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जॅब. २ म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस. ३ आणि ४ हे पुढचा-मागचा हुक, ५ आणि ६ हे पुढचा-मागचा अपरकट. विषम आकडा पुढच्या हाताचा, सम आकडा मागच्या हाताचा. ही मांडणी हुशार आहे, कारण तिच्यात 'डावा-उजवा' असा शब्दच येत नाही. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, डावखुरा साउथपॉ उजवा पाय पुढे ठेवून. दोघांना "वन-टू" म्हटलं की दोघंही आपापल्या हातांनी बरोबर तेच करतात.

पण हीच मांडणी सगळीकडे आहे असं मात्र नाही. न्यूयॉर्कचे प्रशिक्षक कस डमॅटो यांनी आपल्या शिष्यांसाठी वेगळे आकडे ठरवले होते. एका चौकटीभोवती गाद्या गुंडाळायच्या, त्यावर माणसाची आकृती काढायची आणि ठोसा जिथे बसायला हवा तिथे आकडा लिहायचा. त्यांच्याकडे १ म्हणजे डोक्यावरचा डावा हुक, ७ म्हणजे जॅब. आकड्यांच्या साखळ्या ते टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवत. बॉक्सर टेप लावी आणि ऐकत ऐकत मारत राही. त्यांचा शिष्य होजे टोरेस यानं ३० मार्च १९६५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विली पॅस्ट्रानोला हरवून लाइट हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवलं. त्या गाद्यांच्या बॅगेला 'विली' हे नाव याच पॅस्ट्रानोवरून पडलं. पुढे माइक टायसनही याच आकड्यांवर घडला आणि २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, विसाव्या वर्षी, हेवीवेटचा जगज्जेता झाला.

डमॅटोंची टेप हे फार मोठं पाऊल होतं. प्रशिक्षक खोलीत नसताना त्याचा धडा खोलीत हजर राहू लागला. तरी ती लिपी झाली नाही. त्यांचा १ दुसऱ्या व्यायामशाळेत चालत नव्हता, आणि टेपवरचे आकडे हात सांगत होते, पाय सांगत नव्हते.

लिहिणं आणि मोजणं यांतही गल्लत होते. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये लाइट मिडलवेटच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि पंचांनी ३-२ असा निकाल पार्कच्या बाजूनं दिला. त्या गदारोळानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये संगणकी गुणपद्धत आली: पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. तीही २०१३ मध्ये मोडीत निघाली. व्यावसायिक लढतींत १९८५ पासून कॉम्प्युबॉक्स आहे. दोन माणसं बसतात, एकेका बॉक्सरवर नजर ठेवून जॅब लागला की चुकला, जोरदार ठोसा लागला की चुकला, याची बटणं दाबतात. शेवटी हाती येते ती बेरीज. जॅबनंतर काय आलं, त्याआधी पाऊल कुठे पडलं, हे बेरजेतून कळत नाही. क्रिकेटमध्ये नुसती धावसंख्या आणि चेंडूगणिक भरलेलं स्कोअरबुक यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

हालचाल कागदावर उतरवण्याची धडपड मात्र जुनी आहे. तलवारबाजीत जेरार तिबो यानं १६३० मध्ये एक भव्य ग्रंथ छापला. त्यात जमिनीवर वर्तुळ आखून त्याच्या रेषांवर पावलं बसवली होती. इंग्रजी घोडदळासाठी १७९६ मध्ये ल मार्शाँ यांनी तलवारीचे सहा वार आकड्यांनी पक्के केले. नृत्यात फ्रान्सच्या फ्योये यानं १७०० मध्ये नाचणाऱ्याचा जमिनीवरचा मार्ग रेषेनं आणि त्यावरची पावलं खुणांनी दाखवली. केरळच्या कळरिपयट्टूत 'वायत्तारी' म्हणजे तोंडी आज्ञांची लांबच लांब साखळी असते, आणि शिष्य त्या आज्ञांच्या तालावर अख्खा क्रम करतो.

या सगळ्यांत शास्त्रीयदृष्ट्या पुढे गेला तो नृत्यरचनाकार रुडॉल्फ लाबान. १९२८ मध्ये त्यानं जाहीर केलेली लिपी खालून वर वाचतात. मधोमध उभी रेघ. तिच्या डावीकडे शरीराची डावी बाजू, उजवीकडे उजवी. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा उंची सांगते आणि चिन्हाची लांबी वेळ सांगते. एकाच खुणेत तीन गोष्टी. १९४७ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली अभ्यासताना लाबान आणि एफ. सी. लॉरेन्स यांनी श्रमाच्या आठ मूळ जाती मांडल्या, आणि त्यांतली एक चक्क 'ठोसा' ही आहे: सरळ, जोरदार, झटक्यात. तिच्या शेजारी दुसरी जात आहे, सरळ, झटक्यात पण हलकी. बॉक्सिंग शिकलेला माणूस हे वाचताच ओळखतो की पहिली जात म्हणजे क्रॉस आणि दुसरी म्हणजे चाचपणीचा जॅब.

लाबानची लिपी घ्यावी आणि बॉक्सिंगला लावावी, हे सोपं वाटतं. पण ती शिकायला काही वर्षं जातात आणि एका मिनिटाचं नृत्य लिहायला जाणकारालाही कित्येक तास लागतात. कल्याणहून सहाची लोकल पकडून नोकरीवर जाणारा आणि संध्याकाळी परत येऊन मुलांना शिकवणारा प्रशिक्षक ती शिकेल, ही अपेक्षा धरणं चूक आहे. त्याच्यासाठी लिपी हवी ती वहीच्या पानावर, पेननं, घंटा वाजून दुसरी फेरी सुरू व्हायच्या आतल्या एका मिनिटात लिहिता येईल अशी. आणि अशी लिपी घडवण्याचा अनुभव मराठी माणसाच्या पदरी आहे.

व्यायामाच्या बाबतीत आपल्याकडे नोंदी कमी नाहीत. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसनं, खेळ असा सगळा पसारा त्यांनी मराठीत एकत्र आणला. जगातल्या फार थोड्या भाषांत असं काम झालं असेल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराची दहा अंकांत आखणी करून तो शाळाशाळांत नेला. त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं, आणि त्याच्या नावातच 'दहा' हा आकडा आहे. कुस्तीच्या तालमीत तर शब्दांची श्रीमंतीच आहे. ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, भारंदाज, बगलडूब, एकेरी पट, दुहेरी पट: एकेका शब्दात दोन शरीरांची अख्खी रचना सामावलेली असते. वस्तादानं आखाड्याबाहेरून एक शब्द टाकला की आतल्या मल्लाला पुढचं कळतं.

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट मात्र येत नाही, आणि ती म्हणजे काळ. डावाला नाव आहे, आसनाला अंक आहे, पण या क्षणापासून त्या क्षणापर्यंत किती थांबायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. सूर्यनमस्काराला त्याची फारशी गरज नाही. मुष्टियुद्धात मात्र सगळं त्यावरच आहे. ऑलिम्पिक दर्जाच्या बॉक्सरांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठोशाच्या वेळी हाताचा वेग सेकंदाला सरासरी ९ मीटरच्या आसपास मोजला गेला. त्या वेगानं अर्धा मीटर कापायला सेकंदाचा अठरावा भाग लागतो. डोळ्यानं पाहून हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग हवा. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून कोणी चुकवत नाही. तो सुटण्याआधीची लय ओळखून चुकवतात. ज्याची लय ओळखता येते तो मार खातो. मग जी लिपी लय लिहू शकत नाही, ती बॉक्सिंगच्या कामाची नाही.

लय लिहिण्याचा प्रश्न मराठी मातीत शंभर वर्षांपूर्वी सुटलेला आहे, फक्त तो गाण्याच्या बैठकीत सुटला.

विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा, पेशानं वकील. घराण्यांच्या उस्तादांकडे बंदिशी तोंडी होत्या आणि बाहेरच्याला मिळत नव्हत्या. भातखंडे गावोगाव हिंडले, ऐकत गेले, लिहीत गेले, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्यांनी अठराशेच्या आसपास बंदिशी छापल्या. त्यांची स्वरलिपी साधी आहे. मंद्र सप्तकाला स्वराखाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर खालून कंस. स्वर लांबला की पुढे रेघ, शब्द लांबला की अवग्रह. समेला फुलीची खूण, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. 

त्यांचे समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांनीही स्वरलिपी केली, आणि काळाच्या बाबतीत ती भातखंड्यांच्या लिपीपेक्षा बारीक होती: एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीची वेगळी खूण. अचूकपणाचा निकष लावला तर पलुस्करांचं पारडं जड ठरेल. पण वर्गात आणि वहीत टिकली ती भातखंड्यांची, कारण ती हातानं भराभर लिहिता येत होती. बॉक्सिंगची लिपी करू पाहणाऱ्यानं या दोन विष्णूंचा इतिहास आधी वाचायला हवा.

तबल्यात तर अजून एक गोष्ट आहे. बोल आधी तोंडानं म्हणायचा आणि मग हातानं वाजवायचा. 'धा' हा उच्चारही आहे, दोन हातांची कृतीही आहे आणि वहीत लिहायचं अक्षरही. ठाण्यात पं. भाई गायतोंडे यांच्यासारखा थिरकवाँसाहेबांचा शिष्य राहिला, शिकवत राहिला. कल्याणात गायन समाज आहे. आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत शेकडो घरांतली मुलं गांधर्व मंडळाच्या परीक्षेला तीनताल दुगुनीत आणि चौगुनीत लिहितात. सोळा मात्रा, चार विभाग, कुठे टाळी, कुठे खाली, हे त्यांना पाठ असतं. त्यांतलीच काही मुलं संध्याकाळी बॉक्सिंगच्या क्लासला जातात. सरांची "वन-टू, स्लिप, टू" ही हाक म्हणजे बोलच आहे, तोही पढंत करून वाजवायचा. तिला फक्त मात्रा द्यायच्या राहिल्या आहेत.

त्या दिल्या तर पान कसं दिसेल? आठ मात्रांची एक ओळ घेऊ. वर हातांची ओळ, मध्ये धडाची, खाली पायांची. ठोशांना रूढ आकडे, रिकाम्या मात्रेला अवग्रह.

हात : १ ऽ १ २ | ऽ ३ २ ऽ

धड : ऽ ऽ ऽ ऽ | स्लि ऽ ऽ ऽ

पाय : पु ऽ पु ऽ | ऽ ऽ ऽ बा

उभं वाचत जावं. पहिल्या मात्रेला पुढे पाऊल आणि त्याच क्षणी जॅब. दुसरी मात्रा रिकामी. इथे काही मारायचं नाही, समोरचा काय करतो ते पाहायचं. तिसरीला पुन्हा पाऊल आणि जॅब, चौथीला क्रॉस. क्रॉस मारल्यावर अंगाचा भार पुढच्या पायावर आलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्याचं उत्तर याच वेळी निघतं, म्हणून पाचवीला हात थांबतात आणि डोकं पुढच्या हाताच्या बाजूला सरकतं, हाच स्लिप. त्या सरकण्यानं कंबरेला पीळ बसतो. तो सहावीला पुढच्या हुकमध्ये मोकळा होतो. सातवीला क्रॉस, आठवीला बाजूला. पाचव्या मात्रेला स्लिप नेमका याच बाजूला का, असं मुलानं विचारलं तर उत्तर ओळीतच आहे: कारण सहावीला ३ आहे. स्लिप उलट बाजूला केला तर पीळही उलटा बसेल आणि पुढे ३ च्या जागी मागच्या हाताचा ठोसा लिहावा लागेल.

आता दुसऱ्या मात्रेतला अवग्रह पुसून पाहावा. १ १ २ अशी सलग साखळी होते. ठोसे तेच, क्रम तोच, पण समोरच्याला ठेका सापडतो आणि तिसरा ठोसा त्याच्या गार्डवर आदळतो. नुसत्या आकड्यांत लिहिलं असतं तर या दोन साखळ्या एकसारख्याच दिसल्या असत्या. अवग्रहामुळे त्या वेगळ्या दिसतात. रिकामी मात्रा लिहिता येणं, ही संगीताच्या लिपीनं बॉक्सिंगला देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

बाकीच्या खुणाही भातखंड्यांच्या लिपीतून जवळजवळ तशाच उचलता येतात. मंद्राचं टिंब आकड्याखाली दिलं की ठोसा डोक्याऐवजी बरगड्यांवर किंवा पोटावर. कोमलाची रेघ आकड्याखाली ओढली की तो हलका, लाबानच्या आठांतला दुसरा, मापं घेणारा. एका मात्रेत दोन ठोसे कोंबायचे तर खाली कंस. आणि हुलकावणी? गाण्यात कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर, डावीकडे, बारीक लिहितात. तो लागतो न लागतो तोच मुख्य स्वर येतो. खांदा हलवून न मारलेला जॅब हा ठोशाचा कणच आहे. क्रॉसच्या २ वर बारीक १ लिहिला की वाचणाऱ्याला कळेल: जॅब दाखवायचा, मारायचा क्रॉस.

पानाच्या माथ्यावर दोन गोष्टी हव्यात. एक, लय: मिनिटाला किती मात्रा. तीच ओळ विलंबित शिकवायची, मग दुगुनीत, हे तबल्याच्या वर्गात जसं होतं तसंच. दोन, जोडी: दोघं एकाच धाटणीचे की समोर साउथपॉ. साउथपॉ समोर असला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात आणि पायांची ओळ पूर्ण बदलते. हातांची तीच राहिली तरी चालतं. इंग्लंडच्या जोन आणि रुडॉल्फ बेनेश या जोडप्यानं बॅलेसाठी केलेल्या लिपीत माणूस पाठीमागून पाहिलेला दाखवतात, म्हणजे वाचणाऱ्याचा डावा हात तोच नाचणाऱ्याचा डावा. बॉक्सिंगच्या आकृत्या आपल्याकडच्या भिंतींवर बहुधा समोरून काढलेल्या असतात आणि नवशिका हमखास उलटा उभा राहतो. आकृती काढायचीच तर पाठमोरी काढावी.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न येणारच. प्रत्येक पालकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रीकरण तसं या खेळाला नवं नाही. १७ मार्च १८९७ ला कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची अख्खी लढत फिल्मवर घेतली गेली होती. पण गायिका गौहर जानची पहिली तबकडी १९०२ साली ध्वनिमुद्रित झाली आणि त्यानंतरच्या दशकांतच भातखंड्यांची पुस्तकं आली, लोकांनी ती घेतली आणि त्यातून शिकले. ध्वनिमुद्रणात गाणं ऐकू येतं. लिपीत बंदिश दिसते, म्हणजे काय ठरलेलं होतं आणि काय त्या वेळी सुचलं, हे वेगळं काढता येतं. व्हिडिओत मुलीनं केलेली चूकही दिसते आणि बरोबरही दिसतं. काय करायचं ठरलं होतं ते दिसत नाही. वहीत ओळ लिहिलेली असेल, तर व्हिडिओ शेजारी ठेवून ताडता येतो. प्रतिस्पर्ध्याच्या तीन लढती पाहून त्याच्या साखळ्या या लिपीत उतरवल्या, की एखाद्या ओळीत पुन्हा पुन्हा तीच सवय उमटते: दुहेरी जॅबनंतर मागचा हात खाली येतो, दर वेळी. डोळ्यांना ती तीन लढतींत विखुरलेली होती, कागदावर ती एकाखाली एक येते.

वहीचं आणखी एक काम आहे आणि ते जिंकण्या-हरण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी बॉक्सरांच्या मेंदूला वारंवार मार बसून होणाऱ्या विकाराबद्दल पहिला वैद्यकीय लेख लिहिला. आता हे सर्वमान्य आहे की धोका एका जबर ठोशाइतकाच शेकडो लहान ठोशांच्या साठ्यातही आहे, आणि ते ठोसे लढतीपेक्षा सरावात जास्त बसतात. चौदा वर्षांच्या मुलानं या महिन्यात किती फेऱ्या स्पॅरिंग केलं, त्यात डोक्यावर किती जोराचं घेतलं, मधे किती दिवस विश्रांती झाली, याची नोंद किती क्लासांत ठेवली जाते? फी भरल्याची नोंद सगळीकडे असते. पायांच्या ओळीखाली एक चौथी ओळ, 'बसले', लिहायला अर्धं मिनिट लागतं. ती ओळ महिनाभर भरली की प्रशिक्षकाला आणि आईवडिलांना हातात धरून बघता येईल असं काहीतरी मिळतं. ही ओळ ऐच्छिक असू नये.

लिपीनं सगळं हाती येईल असं मानण्यात अर्थ नाही. अंतर तिच्यात नीट बसत नाही. बॉक्सिंगमध्ये अंतर दोघांनी मिळून ठरतं आणि क्षणाक्षणाला बदलतं. घाबरलेल्या मुलाचा श्वास, थकलेल्या खांद्याचं उतरणं, हे कागदावर येत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकातून कोणी थेट मैफलीचा गवई झाला नाही. मींड कुठून कुठे घ्यायची ते कंस सांगतो, कशी घ्यायची ते गुरूच सांगतो. पण त्या पुस्तकांनी एक केलं: बंदिशीला एका घराण्याच्या दारातून बाहेर काढलं. आज ज्या मुलीचा क्लास डोंबिवलीत आहे आणि कॉलेज ठाण्यात लागणार आहे, तिला दुसऱ्या सरांकडे जाताना सोबत न्यायला काहीच नसतं. नवे सर तिला पहिल्यापासून उभं राहायला शिकवतात. वहीची चाळीस पानं तिच्या हातात असती, तर ते पहिल्या दिवशी एकविसाव्या पानापासून सुरू करू शकले असते.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. डोंबिवलीचं सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल असो, ठाण्याचं दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह असो की कल्याणातलं एखादं शाळेचं मैदान, प्रशिक्षकांनी एका रविवारी एकत्र बसून एवढ्या गोष्टी पक्क्या कराव्यात: १ म्हणजे जॅब, विषम आकडा पुढचा हात, सम आकडा मागचा, रिकाम्या मात्रेला अवग्रह, पोटावरच्या ठोशाला खाली टिंब, आणि 'बसले' ही ओळ प्रत्येकानं भरायची. खुणांवरून वाद झाला तर जी खूण एका मिनिटाच्या विश्रांतीत लिहून होते ती ठेवावी, बाकीच्या सोडाव्यात. मग प्रत्येकानं आपल्या आवडत्या पाच साखळ्या लिहून दुसऱ्याच्या हातात द्याव्यात, आणि त्यानं त्या न विचारता आपल्या मुलांकडून पॅडवर करून घ्याव्यात. जिथे चुकेल तिथे लिपी दुरुस्त करावी. ही बैठक पुढच्या जिल्हा स्पर्धेच्या आधी व्हायला हवी.